खोडींचा कागद

हॉटेलच्या फोटोत माणूस कधी नसतो. आता मोबाईल काढून बघा. पलंग असतो, पलंगावर टॉवेलची घडी असते, पडदा असतो, फुलदाणी असते. माणूस नसतो, कारण माणूस उभा केला की खोली केवढी आहे ते लगेच कळतं. ही साधी गोष्ट मला धंद्यात पडल्यावर चार वर्षांनी समजली, आणि त्या चार वर्षांत मी बऱ्याच लोकांच्या सुट्ट्या वाया घालवल्या.

नांदेडात स्टेशनच्या रस्त्याला मी सव्वीस वर्षं बुकिंगचं ऑफिस चालवलं. ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर भारताचा नकाशा आणि टेबलाच्या काचेखाली गिऱ्हाइकांनी आणून दिलेले फोटो. माझं गिऱ्हाईक विमानातलं नव्हतं. शाळामास्तर, तालुक्याच्या गावचे दुकानदार, नर्सबाई, एसटीतून रिटायर झालेली माणसं. वर्षातून एकदा, कित्येकदा तर आयुष्यातून एकदा घराबाहेर पडणारी. त्यांना दर स्वस्त हॉटेलाचा हवा असायचा आणि खोली फोटोतली हवी असायची. या दोहोंच्या मध्ये मी बसलेली असायचे.

धंद्याची भाषा बाहेरच्यांना कळत नाही म्हणून थोडं सांगते. ‘समुद्रापासून पाच मिनिटं’ असं लिहिलेलं असतं, पण कुणाची पाच मिनिटं ते लिहिलेलं नसतं. ‘फॅमिली रूम’ म्हणजे तीच दोघांची खोली, फक्त खाली एक गादी जास्त टाकलेली. ‘गरम पाण्याची सोय’ याचा अर्थ सकाळी दीड तास बादली मिळते आणि ती आणायला खाली जावं लागतं. यात खोटं काहीच नसतं. हॉटेलवाला खोटं बोलत नाही, तो फक्त पुढचं बोलत नाही. गिऱ्हाईक मात्र फोटो बघून आपल्या मनाने पुढचं सगळं भरून घेतं आणि मग तिथून फोन करून मला शिव्या देतं.

मला अक्कल आली ती माझ्या सख्ख्या भावामुळे. माझं माहेर लातूर. दादाने मोठ्या हौसेने अकरा माणसांचं बुकिंग माझ्याकडून केलं. पोरांना पोहायचा तलाव हवा होता. मी फोटोत तलाव बघितला, निळाशार. लातूरचा माणूस हॉटेलात शिरला की पलंगाकडे बघत नाही, आधी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतो. इतकी पाण्याची धास्ती आमच्याकडे. तर अशी अकरा लातूरकर माणसं पाच-सहाशे किलोमीटर गेली आणि तिथे तलाव कोरडा ठणठणीत, आत हॉटेलच्या चादरी वाळत घातलेल्या. दादाचा फोन आला. “आमी इथं दोरीवरच्या चादरी बघून राहिलो बाई. पोरं टॉवेल घेऊन बसलेत.” पुढे सहा महिने तो माझ्याशी धड बोलला नाही. दिवाळीला आला तो ओवाळून घेऊन चहा न घेताच गेला.

तेव्हा मला आमच्या अण्णांची आठवण झाली. अण्णा, म्हणजे माझे वडील, बैलबाजारात दलाली करायचे. बैलाला काही खोड असली, म्हणजे मारका असेल, बसका असेल, उजव्या बाजूला जुंपून घेत नसेल, तर ते दावणीलाच सांगून टाकायचे. घेणारा घरी नेऊन मग शिव्या देणार, त्यापेक्षा इथेच तोंड वाकडं करू दे, असं त्यांचं म्हणणं होतं. मी तेच सुरू केलं. सीझन संपला की स्वतः जाऊन हॉटेलं बघायची, एक रात्र राहायचं, आणि खोलीच्या खोडी लिहून आणायच्या. गिऱ्हाईक आलं की बुकिंगच्या आधी माझ्या हाताने एका कागदावर त्या लिहायच्या, वाचून दाखवायच्या आणि कागद त्यांच्या हातात द्यायचा. घरी न्या, सगळ्यांना ऐकवा, मग मला सांगा. लोक त्याला ‘बाईंचा खोडींचा कागद’ म्हणायला लागले. दुसऱ्या ऑफिसवाल्यांनी मला वेड्यात काढलं, पण माझं गिऱ्हाईक तुटलं नाही, उलट वाढलं.

यात माझी एक खुबी होती, आणि तिचा मला फार अभिमान होता. खोडी सगळ्या सांगायच्या, पण त्या खोलीतली एक चांगली गोष्ट मुद्दाम खिशात ठेवायची. ती लिहायची नाही, बोलायची नाही. एका बँकेतल्या साहेबांना मी सांगितलं होतं की टीव्ही बंद आहे, गादी कडक आहे, समोर रस्त्याचा धुरळा आहे. साहेब कुरकुरतच गेले. परत आले ते थेट ऑफिसात, बायको-मुलांसकट. “अहो बाई, खिडकीतून हात घातला की पेरू! पेरूचं तुम्ही बोललाच नाहीत!” मी नुसती हसले. टीव्ही, गादी, धुरळा, सगळं विसरून ती मंडळी वर्षभर पेरू सांगत हिंडली. कमी सांगा, माणसं जास्त खूश होतात, हा हिशोब मला तेव्हा पक्का पटला. पुढे पंधरा-सोळा वर्षं तो एकदाही चुकला नाही.

मग हदगावचे मारोतराव आणि सुभद्राबाई आले.

मारोतराव एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशाला अजून पेन. सुभद्राबाई ठेंगण्या, गुडघ्यांनी अधू, खुर्चीत बसताना टेबल धरून बसल्या. मारोतरावांनी आल्या आल्या सांगून टाकलं, “ताई, हिला एकदा समुद्र दाखवायचाय. हॉटेल साधंच पायजे, पण नीट पायजे.”

“लगीन झाल्यापासून म्हणून राहिलेत,” सुभद्राबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “दाखवतो, दाखवतो. आधी पोरं झाली, मग पोरांच्या शाळा झाल्या, मग पोरांची लग्नं झाली. समुद्र तिथंच हाय म्हणा.”

मारोतराव ओशाळून हसले. जन्मभर लोकांना तिकिटं फाडून दिली आणि स्वतःच्या बायकोला नांदेडच्या पुढे नेलं नाही, हे त्यांना लागून राहिलेलं दिसत होतं.

माझ्या मनात लगेच एक खोली आली. कोकणातलं समुद्राकाठचं छोटं गाव, तिथलं एक दुमजली हॉटेल. नाव सांगत नाही. त्यांच्या खिशाला परवडेल असं समुद्राजवळ दुसरं काही नव्हतं. मी त्या खोलीत राहून आले होते. खोडी पुष्कळ. मी कागद घेतला आणि लिहीत गेले, वाचत गेले. गरम पाणी सकाळीच, तेही बादलीने. टॉवेल एकच आणि विरलेला. लाईट जाते. डास आहेत. खोली वरच्या मजल्यावर, जिना चढा आहे, लिफ्ट नाही. जेवण मासळीचं, न खाणाऱ्याला नुसता डाळभात. आणि सातवी खोड, खोलीतून समुद्र दिसत नाही, मध्ये नारळाची बाग आणि एक भिंत आहे. बागेला वळसा घालून पायी जावं लागतं.

प्रत्येक ओळीला मारोतराव “हं” म्हणत होते. त्या ‘हं’चा सूर हळूहळू खाली चालला होता. सुभद्राबाई काचेखालचे फोटो बघत होत्या. सातव्या ओळीला त्यांनी मान वर केली.

“अजिबात दिसत न्हाई का वं?”

“अजिबात नाही,” मी म्हणाले. मला माझ्या खरेपणाचं कौतुकच वाटलं.

“बरं.” मग त्या म्हणाल्या, “मी मोठं पाणी म्हंजी इस्लापूरचा सहस्रकुंडाचा धबधबा तेवढा बघितलाय. माझ्या बहिणीला तिकडं दिलंय. तिथं जिपातून उतरलं की आधी आवाज येतो आन् मग पाणी दिसतंय. लई गोड वाटतं मला ते. समुद्राचं बी तसंच असतंय का?”

आता हे नीट लिहिलं पाहिजे. त्या खोलीत मी राहिले तेव्हा मला आयुष्यातली फार सुरेख झोप लागली होती. समुद्र दिसत नव्हता, पण पलंगावर आडवं झालं की बागेपलीकडून ऐकू येत होता. एक लाट येऊन फुटली की पुढचीची आपण नकळत वाट बघतो, आणि ती येते. खिडकी लावली तरी येते. हीच त्या खोलीतली चांगली गोष्ट होती, आणि मी ती माझ्या रीतीप्रमाणे खिशात ठेवली होती. बाईंनी नेमकं तेच विचारलं. मला वाटलं, वा, ही बाई तिथे पोचेल, अंथरुणाला पाठ टेकेल आणि तिला आवाज येईल. केवढी हरखून जाईल. परत येऊन मला सांगेल, बाई, तुमी बोललाच न्हाईत.

म्हणून मी हसून म्हणाले, “जाऊन बघा की!”

त्या पण हसल्या. उठताना म्हणाल्या, “ह्यो कागद नेऊ का मी?” घडी घालून त्यांनी तो कमरेच्या पिशवीत ठेवला.

चार दिवसांनी मारोतरावांचा फोन आला. “ताई, राहू द्या तेवढं. लई विचार केला मी. तिचे गुडघे, तो जिना. अंघोळीचं पाणी न्हाई, जेवण न्हाई. आन् इतकं करून खोलीतून समुद्र पण दिसत न्हाई. तिचे हाल कशाला करू? पुढल्या साली जरा चांगलं हॉटेल करतो.”

“अगदी योग्य केलंत,” मी म्हणाले. आणि फोन ठेवून समाधानाने चहा सांगितला. एका गिऱ्हाइकाला पस्तावण्यापासून वाचवलं, याचं समाधान. सुभद्राबाईंचं काय म्हणणं आहे, हे मी विचारलं नाही. जाणार कोण, गुडघे कुणाचे, समुद्र कुणाला बघायचाय, आणि ठरवून कोण मोकळं झालं, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. मी स्वतः बाई, बाईचं ऑफिस, आणि मी सगळं त्या पुरुषालाच वाचून दाखवत बसले होते. याची मला अजून लाज वाटते.

पुढलं साल आलं. मारोतरावांचा फोन आला नाही. सीझनमध्ये मी विसरून गेले. त्याच्याही पुढच्या हिवाळ्यात एके दुपारी ते एकटेच ऑफिसात आले. हातात चेन लावायची निळी पिशवी, नवीकोरी. खुर्चीत बसले आणि पिशवी मांडीवर धरून म्हणाले, “सुभद्रा गेली ताई. पोळ्याच्या आधी. दोन दिवस ताप आला आन् तिसऱ्या दिवशी खेळ खलास.”

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. ते पाणी प्यायले आणि त्यांनी पिशवीची चेन उघडली.

“ही पलंगाखाली होती. तेराव्यानंतर सून झाडून काढत होती, तिला घावली. मला ठावच न्हाई. म्या उघडली तर हे.”

ते एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवत गेले. पाणी तापवायचा रॉड, वायर नीट गुंडाळलेली. दोन नवे टॉवेल, लेबलासकट. बॅटरी. डासांच्या अगरबत्तीचे दोन पुडे. गुडघ्याला बांधायचे पट्टे. एक स्टीलचा डबा, रिकामा, आणि त्यावर चिकटवलेल्या कागदावर पेनने लिहिलेलं, ‘चटणी’. सून म्हणाली म्हणे, चटणी निघायच्या आठवड्यात कुटणार असतील, आधी करून खवट झाली असती.

सगळ्यात शेवटी माझा कागद निघाला. घडीवर फाटायला आलेला. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलची एक बरोबरची खूण होती. गरम पाणी, खूण. टॉवेल, खूण. लाईट, खूण. सहा ओळींना सहा खुणा. सातव्या ओळीपुढे खूण नव्हती. खोलीतून समुद्र दिसत नाही, याला पिशवीत काही भरता येत नव्हतं. तिथे चौथी शिकलेल्या हाताने लिहिलं होतं, ‘चालंल’.

मी ज्या कागदावर न जाण्याची कारणं लिहून दिली होती, तो त्या बाईने बरोबर न्यायच्या सामानाची यादी म्हणून वापरला होता. कुणाशी भांडली नाही, हट्ट केला नाही. नवरा पुढल्या साली म्हणाला म्हणून गप्प बसली आणि बाजारच्या दिवशी एकेक वस्तू आणून पलंगाखाली तयारी करत राहिली. मी टेबलावर डोकं टेकून रडले. इतक्या वर्षांत ऑफिसात पहिल्यांदा. मारोतरावच मला म्हणायला लागले, “आता कामून रडता ताई, होऊन गेलं.”

सावरल्यावर मी म्हणाले, “काय करू तुमच्यासाठी?”

“तिथलं बुकिंग करा. मी जाऊन येतो.”

“मारोतराव, मी दुसरं करून देते. समोर समुद्र दिसेल असं. माझ्याकडून.”

“न्हाई,” ते म्हणाले. “तीच खोली. ही पिशवी तिथलीच भरलेली हाय.”

मी हॉटेलवाल्याला फोन लावून तीच खोली दोन दिवसांसाठी सांगितली. मारोतराव वस्तू परत भरायला लागले. कागद मात्र त्यांनी टेबलावरच ठेवला. म्हणाले, “हा तुमचा, तुमीच ठेवा. मला पाठ झालाय.” त्या वेळी तरी मी सांगायला हवं होतं की त्या खोलीत समुद्राचा आवाज येतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण ज्यांना सांगायचं त्यांनी विचारलं तेव्हा मी हसून उडवून लावलं, आणि आता यांना सांगून काय मिळवायचं, असं झालं. खरं म्हणजे माझी छाती झाली नाही.

ते गेले. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी ऑफिसचं शटर वर करत होते तेव्हा फोन आला.

“ताई, सगळं तुमी लिव्हलं तसंच हाय बगा. बादली खालून आणावी लागती. रॉड लावला मी. लाईट पण गेली, बॅटरी हाय. जिना लई चढा हाय. तिचे पट्टे बांधून बघितले, मला बसत न्हाईत.”

“जेवलात का?”

“हाव. सुनेनं चटणी दिली होती त्या डब्यात.” मग ते म्हणाले, “एक मात्र तुमच्या कागदात न्हाई.”

मी शटर अर्ध्यावर धरून उभी होते.

“आवाज येतो हो समुद्राचा. पडल्या पडल्या. भिंतीच्या पलीकडून. तुमाला ठाव होतं?”

“होतं,” मी म्हणाले.

मला वाटलं ते रागावतील. रागावायला हवे होते. पण मारोतराव कधी कुणावर आवाज चढवणारा माणूसच नव्हता.

“त्या दिवशी एवढंच सांगायचं होतं की, ताई,” ते म्हणाले. “मग मी नसतं ऐकलं कुणाचं. उचलून आणलं असतं तिला.”

त्यानंतर तीन वर्षं मी ऑफिस चालवलं. खोडींचा कागद बंद केला नाही, पण रीत बदलली. आधी विचारायचे, खरं जायचंय कुणाला, आणि त्याच माणसाकडे तोंड करून वाचायचे. खिशात काही ठेवायचे नाही. पेरू असेल तर पेरू लिहायचे, गार वारा असेल तर गार वारा. लोक पूर्वीसारखे हरखून परत येत नसत, हे खरं आहे. ते येऊन सांगायचे, बाई, तुम्ही म्हणालात तसंच होतं. मला तेवढं पुरायचं. आता सगळे मोबाईलवरच बुकिंग करतात, त्यात सहा फोटो असतात आणि अनोळखी माणसांनी दिलेले तारे असतात. गेल्या वर्षी मी शटर कायमचं ओढलं.

टेबल विकलं तेव्हा काचेखालचे फोटो ज्याचे त्याला देऊन टाकले. सुभद्राबाईंचा कागद तेवढा घरी आणला. परवा कपाट आवरताना तो हाताला लागला. घडीवर आता पार विरला आहे. मी चष्मा लावला, पेन घेतलं आणि त्यांच्या ‘चालंल’च्या खाली माझ्या अक्षरात आठवी ओळ लिहिली. खोलीतून समुद्र ऐकू येतो, पडल्या पडल्या, खिडकी लावली तरी. लिहून झाल्यावर उगाच बघत बसले. त्या ओळीपुढे खूण करायला कुणी नव्हतं.